मातीच्या नमुन्यापासून गावाच्या निर्णयापर्यंत: गावात काम करणाऱ्या मृदाशास्त्रज्ञासाठी मार्गदर्शक

मातीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा आणि आलेला अहवाल शेतकऱ्याच्या हाती द्यायचा, एवढेच मृदाशास्त्रज्ञाचे काम आहे असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात त्या अहवालामुळे खताची मात्रा बदलली, पिकांची फेरपालट बदलली, पाण्याची पाळी लांबली किंवा एखाद्या उतारावरची नांगरट थांबली, तरच काम झाले असे म्हणता येते. म्हणून पुढील प्रत्येक टप्प्याला एकच कसोटी लावली आहे: जे मोजल्याने कोणाचाही निर्णय बदलणार नाही, ते मोजण्यात वेळ घालवू नये. हा लेख गावपातळीवर नव्याने काम सुरू करणारे मृदाशास्त्रज्ञ, कृषी पदवीधर आणि कार्यकर्ते यांच्यासाठी लिहिला आहे. ज्या शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीची नोंद ठेवायची आहे त्यालाही यातले बरेचसे स्वतः करता येईल.

पहिला टप्पा: शिवारफेरी आणि प्रश्नांची निश्चिती

कामाची सुरुवात गिरमिट (मातीचा नमुना काढायचे अवजार) घेऊन करू नये. गावातील आठ-दहा माणसांना सोबत घेऊन शिवाराच्या सर्वांत उंच भागापासून ओढ्या-नाल्यापर्यंत एक सरळ फेरी मारावी. १९४१ मध्ये मृदाशास्त्रज्ञ हान्स जेनी यांनी मातीच्या घडणीची पाच कारणे एका सूत्रात मांडली: हवामान, सजीव, भूरूप, मूळ खडक आणि काळ. एका गावापुरते पाहिले तर हवामान सगळीकडे जवळपास सारखे असते आणि खडकही बहुधा एकाच जातीचा असतो. त्यामुळे शेताशेतांत दिसणारा फरक मुख्यतः उताराने आणि माणसाच्या वापराने घडलेला असतो. माथ्यावरची माती वाहून गेल्याने तेथे ती उथळ व भरड राहते, तर पायथ्याशी बारीक कण साचून जमीन खोल, भारी आणि निचऱ्याला अवघड होते. मातीच्या सीमा सातबाऱ्याच्या किंवा बांधाच्या रेषा पाळत नाहीत. ही गोष्ट फेरीतच सर्वांना दिसली, तर पुढे नमुने कोठून घ्यायचे यावर वाद होत नाहीत.

फेरीत विचारायचे प्रश्न साधे असावेत. पावसानंतर पाणी कोठे साचून राहते, कोणत्या तुकड्याला वाफसा सर्वांत आधी येतो आणि कोणत्याला उशिरा, रोप पिवळे पडण्याची तक्रार दरवर्षी त्याच जागी असते का, पाऊस चांगला झाला तरी उत्पन्न न वाढणारी शेते कोणती, हे विचारावे. त्याबरोबर जमिनीचा इतिहासही विचारावा, कारण सपाटीकरण करताना वरचा थर कापून गेलेली जागा, बाहेरून गाळ आणून टाकलेली जागा आणि विटांसाठी माती काढलेली जागा या तिन्ही नकाशावर दिसत नाहीत, पण पिकात अनेक वर्षे दिसत राहतात.

कोणाला सोबत घ्यायचे हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. जमीनमालक आपले शेत उत्तम ओळखतो, पण मजुरीवर जाणारी माणसे सगळ्यांच्या शेतात काम करतात, त्यामुळे कोणती जमीन खुरपायला कठीण, कोणती पायाला चिकटते, कोठे गांडुळे दिसतात याचे तुलनात्मक ज्ञान त्यांच्याकडे अधिक असते. निंदणी करणाऱ्या स्त्रिया, गुरे चारणारे आणि खंडाने जमीन कसणारे यांना वगळून केलेली फेरी माझ्या मते अर्धीच समजावी. गावकरी मातीच्या प्रकारांसाठी जी नावे वापरतात ती जशीच्या तशी टिपून घ्यावीत आणि पुढच्या सर्व नकाशांवर व अहवालांवर तीच वापरावीत. शास्त्रीय वर्गीकरण आपल्या वहीत राहिले तरी चालते.

या टप्प्याच्या शेवटी हातात हाताने काढलेला एक नकाशा आणि तीन-चार नेमके प्रश्न असले पाहिजेत. ‘गावाची माती कशी आहे’ हा प्रश्न नव्हे. ‘पायथ्याच्या जमिनीत पीक पिवळे पडते ते साचलेल्या पाण्यामुळे, क्षारांमुळे की जस्ताच्या कमतरतेमुळे’ हा प्रश्न आहे, कारण या तिन्ही उत्तरांवरचे उपाय वेगळे आहेत.

दुसरा टप्पा: खड्डा आणि शेतावरच्या चाचण्या

प्रत्येक प्रमुख मातीप्रकारात एक खड्डा घ्यावा. खोली साधारण एक मीटर किंवा खडक लागेपर्यंत पुरेशी असते. त्याहून खोल खड्ड्याच्या भिंती ढासळण्याचा धोका असतो, म्हणून खोल जाऊ नये आणि काम संपताच खड्डा बुजवून टाकावा. उन्हाचा प्रकाश पडेल अशी एक भिंत खुरप्याने तासून स्वच्छ करावी आणि मगच तिचे निरीक्षण करावे. लोखंडी अवजाराने चोपून गुळगुळीत झालेल्या भिंतीवर मातीची जडणघडण दिसत नाही.

भिंतीत प्रथम मुळे पाहावीत. मुळे सरळ खाली न जाता एका ठरावीक खोलीवर आडवी वळत असतील, तर तेथे घट्ट थर आहे. वर्षानुवर्षे एकाच खोलीवर नांगर चालल्याने किंवा ओल्या जमिनीत जड यंत्रे फिरल्याने असा थर तयार होतो. त्यानंतर रंग पाहावा. राखाडी पार्श्वभूमीवर गंजासारखे ठिपके दिसले, तर त्या खोलीपर्यंत वर्षातील काही काळ पाणी साचते आणि हवा पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ होतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकल्यावर फेस आला तर मातीत मुक्त चुनखडी आहे, आणि मग स्फुरद, लोह व जस्त यांच्या उपलब्धतेकडे विशेष लक्ष द्यावे लागणार हे तेथेच कळते.

पोत, म्हणजे मातीतील जाड-बारीक कणांचे प्रमाण, ओळखण्यासाठी मूठभर माती ओली करून मळावी आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये दाबत तिची पट्टी काढावी. पट्टी अडीच सेंटिमीटरच्या आतच तुटली तर माती पोयट्याच्या (वाळू, गाळ व चिकण कण मिसळलेल्या मातीच्या) किंवा त्याहून हलक्या गटातली, अडीच ते पाच सेंटिमीटरपर्यंत टिकली तर चिकण-पोयटा आणि पाचच्या पुढे गेली तर चिकणमाती, असा ढोबळ नियम आहे. वाळूचे कण २ ते ०.०५ मिलिमीटर, गाळाचे ०.०५ ते ०.००२ आणि चिकणमातीचे त्याहूनही लहान असतात. काचेच्या बाटलीत माती व पाणी हलवून ठेवले तर वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, गाळाला काही तास लागतात आणि चिकणमाती एक दिवस किंवा त्याहून अधिक काळ तरंगत राहते. ही चाचणी बोटांच्या अंदाजापेक्षा फारशी अचूक नाही, पण चार लोकांसमोर चार शेतांच्या बाटल्या शेजारी ठेवल्या की पुढची चर्चा आपोआप सुरू होते.

सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत दुर्लक्षित अशी ढेकळाची चाचणी येथे थोडी विस्ताराने सांगतो. वाटाण्याएवढे कोरडे ढेकूळ उथळ भांड्यातील पावसाच्या किंवा शुद्ध केलेल्या पाण्यात हलकेच सोडावे आणि ढवळू नये. काही मिनिटांत ते फुटून बारीक तुकड्यांचा ढीग झाला, पण पाणी स्वच्छ राहिले, तर मातीचे कण बांधून ठेवणारा सेंद्रिय पदार्थ कमी आहे. पण ढेकळाभोवती दुधासारखे गढूळ वलय पसरू लागले आणि कित्येक तासांनंतरही ते खाली बसले नाही, तर चिकणमातीचे कणच एकमेकांपासून सुटत आहेत आणि त्यामागे बहुधा सोडियमचे प्रमाण आहे. पहिल्या जमिनीला सेंद्रिय पदार्थ, आच्छादन आणि कमी मशागत हवी. दुसरीला कॅल्शियम, म्हणजे बहुतेक ठिकाणी जिप्सम, आणि निचरा हवा. दोन्ही जमिनींवर पावसानंतर सारखीच कडक पापडी येते, त्यामुळे वरवर पाहून दिलेला सल्ला येथे हमखास चुकतो. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे खारे पाणी या चाचणीसाठी वापरू नये. त्यातील क्षारांमुळे कण पुन्हा एकत्र येतात आणि दोष झाकला जातो.

पाणी मुरण्याचा वेग मोजण्यासाठी १५ सेंटिमीटर व्यासाचे पत्र्याचे कडे जमिनीत सात-आठ सेंटिमीटर ठोकून बसवावे आणि त्यात सुमारे ४४० मिलिलिटर पाणी ओतावे, म्हणजे ते २५ मिलिमीटर पावसाइतके होते. पहिले पाणी जमीन ओली करण्यासाठी सोडून द्यावे आणि दुसऱ्यांदा ओतलेले पाणी मुरायला लागणारा वेळ टिपावा. एकाच शेताचा आकडा एकटा फारसे बोलत नाही. तीच चाचणी बांधावरच्या न नांगरलेल्या, गवताळ जागेत केली की त्या मातीची मूळ क्षमता आणि मशागतीने झालेले नुकसान यांतील अंतर समोर येते. भेगाळणाऱ्या भारी जमिनीत ही चाचणी भेगा बुजल्यानंतरच करावी.

तिसरा टप्पा: नमुना घेणे

शेतावरच्या चाचण्यांनी सुटले नाहीत असेच प्रश्न प्रयोगशाळेकडे न्यावेत. एकसारख्या दिसणाऱ्या प्रत्येक तुकड्यातून नागमोडी चालत १५ ते २० ठिकाणांहून माती घ्यावी. पृष्ठभागावरचा पालापाचोळा बाजूला सारून इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा खड्डा करावा आणि त्याच्या कडेचा वरपासून १५ सेंटिमीटरपर्यंत सारख्या जाडीचा काप काढावा. सर्व माती एकत्र मिसळावी, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत आणि अर्धा किलो उरेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. नमुना सावलीत वाळवावा. बांध, झाडाखालची जागा, खताच्या ढिगाजवळची जागा, पाटाची कड आणि नुकतेच खत दिलेल्या ओळी टाळाव्यात. जस्तासारखी सूक्ष्म अन्नद्रव्ये तपासायची असतील तर जस्ताचा मुलामा दिलेले घमेले वा बादली अजिबात वापरू नये, कारण तो मुलामाच नमुन्यात उतरतो. खोलवर जाणाऱ्या पिकांसाठी आणि क्षारांचा संशय असल्यास खालच्या थरांचे वेगळे नमुने घ्यावेत.

पिशवीवरची खूण पेन्सिलीने कागदावर लिहून पिशवीत आणि बाहेर अशी दोन्हीकडे ठेवावी. जागेचे जीपीएस स्थान, खोली, तारीख, उभे किंवा मागचे पीक आणि शेवटचे खत एवढी नोंद तरी हवीच, कारण पाच वर्षांनी त्याच जागी परत यायचे आहे.

चौथा टप्पा: अहवाल वाचणे

अहवाल वरून खाली वाचत न जाता ठरावीक क्रमाने वाचावा: आधी सामू (आम्ल-अल्कतेचे माप, पीएच) आणि विद्युत वाहकता (क्षारांच्या प्रमाणाची खूण), मग सेंद्रिय कर्ब (सेंद्रिय पदार्थातील कार्बन), आणि त्यानंतर अन्नद्रव्ये. सामू सहा ते साडेसातच्या दरम्यान असेल तर बहुतेक अन्नद्रव्ये पिकाला मिळू शकतात. तो ५.५ च्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळून मुळांना अपाय करू लागते आणि तेथे चुना हा पहिला उपाय ठरतो; तो न करता महागडी खते देणे व्यर्थ आहे. सामू आठच्या वर असेल तर स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो आणि लोह व जस्त मातीत असूनही मुळांना मिळत नाहीत.

क्षारपड आणि चोपण जमीन यांच्यात होणारा गोंधळ फार महागात पडतो. संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युत वाहकता ४ देसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली तर जमीन क्षारपड मानतात, आणि मातीच्या विनिमयक्षम स्थानांपैकी (कणांवरच्या, अन्नद्रव्ये धरून ठेवणाऱ्या जागांपैकी) १५ टक्क्यांहून अधिक सोडियमने व्यापली असतील तर ती चोपण. क्षारपड जमिनीला निचरा आणि क्षार धुऊन नेणारे चांगले पाणी लागते. तेथे जिप्सम टाकून काही साधत नाही. चोपण जमिनीला जिप्सम लागते, पण मोकळा झालेला सोडियम वाहून नेणारा निचरा नसेल तर तेथेही पैसा वाया जातो. आणखी एक खबरदारी घ्यावी. पुष्कळ प्रयोगशाळा माती व पाणी यांचे पातळ मिश्रण करून वाहकता मोजतात. तो आकडा संपृक्त अर्काच्या आकड्यापेक्षा बराच कमी येतो, म्हणून त्याला ४ ची मर्यादा थेट लावू नये.

स्फुरदाचा आकडा वाचताना पद्धत कोणती ते पाहावे. उदासीन व अल्कधर्मी मातीसाठी ओल्सेन यांची पद्धत आणि आम्लधर्मी मातीसाठी ब्रे यांची पद्धत वापरतात. दोन्हींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. ‘कमी, मध्यम, भरपूर’ या श्रेणी पिकांनी खताला दिलेल्या प्रतिसादाच्या प्रयोगांतून ठरवलेल्या असतात, म्हणून त्या आपल्या मातीला आणि पिकाला जवळच्या प्रयोगांतून आलेल्या आहेत का, हे विचारायला संकोच करू नये. वर्षानुवर्षे स्फुरदयुक्त खत मिळालेल्या जमिनीत त्याचा साठा झालेला अनेकदा आढळतो. अशा ठिकाणी काही हंगाम ती मात्रा कमी करणे हा शेतकऱ्याला लगेच पटणारा आणि लगेच पैसे वाचवणारा सल्ला असतो, म्हणून सभेत तो सर्वांत आधी सांगावा.

पाचवा टप्पा: सेंद्रिय कर्बाचा प्रामाणिक हिशेब

शाश्वत शेतीच्या चर्चेत सेंद्रिय कर्ब वाढवण्याचे आश्वासन फार सहज दिले जाते, म्हणून त्याचा हिशेब गावासमोर फळ्यावर मांडावा. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन, स्थूल घनता (एक घन सेंटिमीटर मातीचे कोरडे वजन, ग्रॅममध्ये) १.३ धरल्यास, सुमारे १,९५० टन होते. त्यात कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा म्हणजे जवळपास २ टन कर्ब जमिनीत टिकून राहिला पाहिजे. कोरड्या पेंढ्यात सुमारे ४० टक्के कर्ब असतो, म्हणजे ५ टन पेंढ्यात २ टन झाला. पण तो कुजताना बहुतांश कर्ब वायुरूपाने हवेत परत जातो. दशांश टिकला असे धरले तर तेवढ्याच वाढीसाठी ५० टन पेंढा लागेल, म्हणजे दरवर्षी ५ टन असा दहा वर्षे, आणि तेही आधीपासून मातीत असलेला कर्ब त्या काळात घटला नाही तर. उष्ण हवामानात आणि वारंवार नांगरलेल्या जमिनीत ही घट वेगाने होते.

हा हिशेब मांडला की निराशा पसरते असा काहींचा अनुभव असतो. मला मात्र उलट वाटते. लोकांचे लक्ष मग नेमक्या ठिकाणी वळते. बाहेरून आणून टाकण्यापेक्षा आहे तो कर्ब न घालवणे स्वस्त पडते, म्हणून अनावश्यक नांगरट कमी करणे, अवशेष न जाळणे आणि धूप रोखणे हे उपाय आधी येतात. मुळांतून मिळणारा कर्ब मातीत तुलनेने अधिक टिकतो, म्हणून जमीन जितके महिने जिवंत मुळांनी भरलेली राहील तितके चांगले. द्विदल पिकाचा बेवड (आधीच्या हंगामात घेतलेले द्विदल पीक), आंतरपीक, बांधावरची झाडे आणि हिरवळीचे खत यांचे महत्त्व येथे आहे.

पेंढा, काड्या आणि कुजायला अवघड असा भरड माल थेट मातीत गाडताना कर्ब-नत्र गुणोत्तर पाहावे. सूक्ष्मजीवांना अन्न कुजवण्यासाठी साधारण २४ भाग कर्बामागे एक भाग नत्र पुरतो. पेंढ्यात ते गुणोत्तर ८० च्या आसपास असते. तूट भरून काढण्यासाठी सूक्ष्मजीव मातीतले नत्र उचलतात आणि उभे पीक काही आठवडे पिवळे पडते. पेंढा आच्छादन म्हणून पृष्ठभागावरच ठेवला, शेणखतासोबत आधी कुजवला किंवा पेरणीच्या बराच आधी गाडला, तर ही अडचण टळते.

मात्र पिकाचे अवशेष कोणाचे, हा प्रश्न मृदाशास्त्रापेक्षा मोठा आहे. तोच पेंढा गुरांचा चारा असतो, कोणाचे इंधन असते, कोणाची मजुरी त्यात मोजलेली असते. ज्या घरात दुधाची गुरे पेंढ्यावर जगतात त्या घराला ‘पेंढा जमिनीत ठेवा’ असे सांगण्यापूर्वी चाऱ्याची पर्यायी सोय दाखवली पाहिजे. बांधावर चाऱ्याची झाडे लावणे, पेंढ्याचा काही भागच शेतात ठेवणे किंवा गोठ्यातले खत उन्हात उघडे न ठेवता झाकून साठवणे अशा तडजोडी बहुधा टिकतात. शेणखत उघड्यावर पडून राहिल्यास त्यातील नत्राचा मोठा वाटा अमोनिया होऊन उडून जातो आणि उरलेला पावसात वाहून जातो. खड्डा झाकण्याला खर्च जवळजवळ नाही.

सहावा टप्पा: शेतावरचे प्रयोग

कोणताही उपाय संपूर्ण शेतावर करू नये. आधी पट्ट्यांमध्ये करून पाहावा. इंग्लंडमधील रॉथॅम्स्टेड या कृषी संशोधन केंद्रात १८४३ पासून चालू असलेला गव्हाचा प्रयोग पट्ट्यांवरच उभा आहे, आणि तेथेच १९१९ पासून काम करणाऱ्या संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी पुनरावृत्ती आणि यादृच्छिक मांडणी यांचे महत्त्व सिद्ध केले. गावातल्या प्रयोगाला मोठे संख्याशास्त्र लागत नाही, पण तीन गोष्टी लागतातच. नवीन उपायाशेजारी शेतकऱ्याची नेहमीची पद्धत तुलनेसाठी असावी. ही जोडी किमान चार ठिकाणी, चार शेतांत असली तरी चालेल, पुन्हा असावी. आणि कोणत्या पट्ट्याला कोणता उपाय हे चिठ्ठी टाकून ठरवावे, म्हणजे चांगला तुकडा नकळत नव्या उपायाच्या वाट्याला जात नाही. उताराच्या जमिनीत प्रत्येक जोडीचे दोन्ही पट्टे एकाच पातळीवर, एकमेकांना लागून ठेवावेत.

काढणीच्या वेळी कडेच्या ओळी सोडून मधल्या भागाचे वजन करावे. उत्पन्नासोबत खर्च, मजुरीचे दिवस आणि हे जास्तीचे काम घरात नेमके कोणाच्या अंगावर पडले याचीही नोंद ठेवावी. उत्पन्न वाढूनही एखादा उपाय पुढच्या वर्षी सोडून दिला जातो, तेव्हा कारण बहुधा या शेवटच्या नोंदीत सापडते.

सातवा टप्पा: निष्कर्ष गावासमोर ठेवणे

प्रत्येकाच्या शेताचा आकडा आधी त्यालाच द्यावा. जाहीर सभेत नावांशिवाय, मातीप्रकारानुसार एकत्र केलेला नकाशाच दाखवावा. वाईट अहवालाच्या आधारे जमिनीचा खंड पाडला जाऊ शकतो किंवा किंमत घसरवली जाऊ शकते, आणि हा धोका सर्वांत दुबळ्या माणसाला सर्वांत अधिक असतो.

काही निर्णय एकट्या शेतकऱ्याला घेताच येत नाहीत. वरच्या शेतातून येणारे पाणी अडवल्याशिवाय खालच्या शेतातली घळ बुजत नाही. पायथ्याच्या निचऱ्याचा चर दुसऱ्याच्या जमिनीतून जातो. काढणीनंतर सर्वांची गुरे सर्वांच्या शेतात मोकळी सुटत असतील, तर आच्छादन पीक एकट्याने पेरून उपयोग नसतो. सभेचा वेळ अशाच विषयांवर खर्च करावा. खताच्या मात्रा ज्याच्या त्याच्याशी स्वतंत्र बोलता येतात. खंडाने कसणाऱ्याचा प्रश्नही येथेच मांडावा. ज्याला पुढच्या वर्षी तीच जमीन मिळेल याची खात्री नाही, तो दहा वर्षांनी फळ देणारे काम करणार नाही, आणि तसे न करण्यात त्याची चूकही नाही. कराराची मुदत वाढली किंवा सुधारणेच्या खर्चात मालकाने वाटा उचलला, तर त्याचे गणित बदलते.

आठवा टप्पा: परत येणे

पुन्हा नमुना घेताना ऋतू, खोली, जागा आणि प्रयोगशाळा तीच ठेवावी. मशागत बदलली की स्थूल घनता बदलते, म्हणून कर्बाच्या टक्केवारीसोबत तीही मोजावी. नाहीतर माती सैल किंवा घट्ट झाल्याचा परिणाम कर्बातील वाढ-घट म्हणून वाचला जातो. कर्बातील खरा बदल दिसायला बहुधा पाच वर्षे किंवा अधिक काळ लागतो. त्याआधी पाणी मुरण्याचा वेग, ढेकळाची चाचणी आणि २० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल मातीच्या ठोकळ्यातील गांडुळांची संख्या यांत बदल दिसू लागतात, आणि या तिन्ही गोष्टी गावातील माणसे बाहेरच्या मदतीशिवाय करू शकतात.

पहिल्या नमुन्यातील थोडी वाळलेली माती बंद डबीत, नावनिशीसह गावातच जपून ठेवावी, म्हणजे पुढे प्रयोगशाळा किंवा पद्धत बदलली तरी जुनी व नवी माती एकाच वेळी तपासता येते. चाचण्यांची नोंदवही, पत्र्याचे कडे आणि गिरमिट कोणाकडे राहील, त्या माणसाच्या गैरहजेरीत कोण पाहील आणि पुढची मोजणी कोणत्या पिकाच्या काढणीनंतर करायची, हे गाव सोडण्यापूर्वी त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावे.